सातबाऱ्यावर थांबू नका

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि जमलेले सगळे बंधू-भगिनी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जमिनीचे उतारे ऑनलाइन कसे पाहावेत आणि प्रमाणित नकला कशा मिळवाव्यात’. तो मी सांगणार आहे. पण सातारा-सांगली भागात इतकी वर्षं महसुली दावे चालवल्यावर एक गोष्ट मनात घट्ट बसलीय, ती आधी सांगतो. आपली माणसं सातबारा बघतात आणि तिथंच थांबतात. आता तर मोबाईलवर दोन मिनिटांत दिसतो, त्यामुळं आणखी लवकर थांबतात. नाव दिसलं की जीव भांड्यात, नाही दिसलं की आभाळ कोसळलं. दोन्ही वेळा पुढचं पाऊल एकच असायला पाहिजे, ते म्हणजे फेरफार काढणं आणि वाचणं.

हात वर करा बघू, स्वतःचा सातबारा गेल्या वर्षभरात कुणी पाहिलाय? वा, जवळजवळ सगळ्यांनीच. आता त्यावरचा एखादा तरी फेरफार काढून शेवटपर्यंत कुणी वाचलाय? मागं एक ताई, आणि हे आजोबा. आजोबा, तुम्ही पुढं येऊन बसा, आज मान तुमचा.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, आकार म्हणजे शेतसारा किती, इतर हक्कात कुणाचा बोजा, बारामध्ये पिकं. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण नावाशेजारी कंसात एक आकडा असतो. हाताच्या सातबाऱ्यावर तो वर्तुळात असायचा. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव इथं का आलं, कशानं आलं, खरेदीनं, वारसानं की वाटपानं, हे त्या फेरफारात लिहिलेलं असतं. सातबारा फक्त शेवटचा निकाल दाखवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १५७ मध्ये म्हटलंय की नोंद खरी समजावी, पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. आणि फेरफार नोंदीनं मालकी तयारही होत नाही, संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं किती वेळा सांगितलंय. मालकी खरेदीखतात, वाटणीपत्रात, वारसा कायद्यात असते. फेरफार तिथं जायची वाट दाखवतो.

आता एक हकिकत सांगतो. जरा लांब आहे, पण आज मला जे सांगायचंय ते सगळं हिच्यात आहे. खटाव तालुक्यातलं घर. तिघं भाऊ, दोघी बहिणी. वडील वारले साठच्या दशकात. तलाठ्याकडं वर्दी थोरल्यानं दिली. सातबाऱ्यावर नाव लागलं थोरल्याचं, आणि नावापुढं लिहिलं ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. सोसायटीचं कर्ज काढायला, पाटबंधारेवाल्यांकडं सही करायला एक माणूस बरा पडतो, म्हणून हा रिवाज. तेव्हा त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता.

मधला भाऊ मुंबईला गिरणीत. आपल्याकडच्या किती घरांची ही गोष्ट आहे, परळ-लालबागला गावचे गाव राहत होते. दर महिन्याला मनीऑर्डर. त्या पैशांतून विहीर बांधली, पुढं मोटार बसवली. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, पण गडी गावाला परतला नाही, मुलांच्या शाळा होत्या. धाकटा गावात राहून राबत होता. तिघं हयात असेपर्यंत ‘माझं-तुझं’ हा शब्द त्या घरात निघाला नाही. आंब्याच्या पेट्या मुंबईला जायच्या, गणपतीला मुंबईकर यायचे.

मग थोरले गेले. वारस नोंद झाली. थोरल्यांची बायको आणि मुलं, एवढीच नावं लागली. कशी लागली? कारण मधल्या काळात सातबाऱ्यावरून ‘ए.कु.मॅ.’ नाहीसं झालं होतं. हाताच्या सातबाऱ्याची पुस्तकं दर दहा वर्षांनी नव्यानं लिहायची पद्धत होती. जुनं पुस्तक समोर ठेवायचं आणि नवीन उतरवायचं. गावच्या जमिनीचे शेकडो गट, एकच माणूस, एकच हात. उतरवताना तीन अक्षरं राहिली. पुढचं पुस्तक त्या पुस्तकावरून लिहिलं गेलं आणि संगणकात माहिती भरली ती शेवटच्या पुस्तकावरून. आता संगणक स्वच्छ अक्षरात सांगतो की ही जमीन एकट्या थोरल्याच्या वारसांची.

मधल्याची नात कळंबोलीला राहते. शिकलेली मुलगी. आजोबांच्या तोंडून विहिरीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तिनं एक दिवस सहज महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गाव टाकलं, आडनाव टाकलं. गट दिसला, आजोबांचं नाव नाही. खातं पाहिलं, नाही. गावाला फोन केला तर चुलतभाऊ म्हणाला, ‘तुमचं नाव कधीच नव्हतं.’ तो खोटं बोलत नव्हता हो! त्यानं जन्मापासून तोच सातबारा पाहिलेला.

माझ्याकडं आली तेव्हा म्हणाली, दावा लावायचा. मी म्हटलं, आधी कागद. सातबाऱ्याच्या तळाशी ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून चौकट असते, तिच्यातले आकडे लिहून घेतले आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाकला. एका कार्यालयात सांगितलं, रजिस्टर जीर्ण आहे, मिळणार नाही. ‘जीर्ण’ या शब्दावर लोक परत जातात, आणि याचा मला मनापासून संताप आहे. जीर्ण म्हणजे नष्ट नव्हे. तुम्ही म्हणायचं, अभिलेख उपलब्ध नाही असं लेखी द्या. आम्ही तेच म्हटलं, आणि रजिस्टर निघालं. साठच्या दशकातली नोंद, तलाठ्याचं सुंदर अक्षर: खातेदार मयत, वारस तीन मुलगे व दोन मुली, पैकी थोरला मुलगा याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल, मुलींची नावे इतर हक्कात. खाली मंजुरीची सही.

दोन मुली! आत्यांची आठवण तर नातीलाही नव्हती. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यापासून वडिलांच्या हिश्शात मुलींचाही वाटा आहे, पण आपल्याकडं बहिणींना ‘इतर हक्कात’ ढकलायची खोड होती. तिथून नावं गळायला वेळ लागत नाही. घरातल्या बहिणींच्या बाबतीत हे तुम्ही आज रात्रीच तपासा.

बरं, यात कायद्याचा मुद्दा कुठला? जुन्या नोंदीत ए.कु.मॅ. आहे, आजच्या सातबाऱ्यावर नाही, आणि ते कमी करणारा एकही फेरफार अख्ख्या रजिस्टरमध्ये नाही. सातबाऱ्यावर हक्काची नोंद फेरफाराशिवाय बदलता येत नाही. म्हणजे हा बदल नव्हे, लिहिताना झालेली चूक. तिला संहितेचं कलम १५५ आहे, लेखनप्रमादाची दुरुस्ती, तहसीलदारांकडं अर्ज. अर्ज करायच्या आधी मी नातीला म्हटलं, ती नक्कल घेऊन गावाला जा. गेली. थोरल्यांची बायको, म्हणजे तिची थोरली आजी, हयात होती. तिला नोंद वाचून दाखवली. म्हातारी मुलांना म्हणाली, ‘विहिरीचा दगड कुणाच्या पैशाचा आहे ते मला माहितीय. नावं लावा.’ तोवर रस्त्याकडंचा तुकडा विकून झाला होता, तो काही परत आला नाही. बाकी जमिनीवर नावं लागली, आत्यांच्या वारसांचीसुद्धा. चार पानांच्या नकलेनं हे झालं. त्या घरात दिवाणी दावा उभा राहिला असता तर तिसरी पिढी तारखांना फिरत राहिली असती.

आता आपल्या भागाची आणखी एक गुंतागुंत. मागं मागं जाताना गट नंबर एका ठिकाणी संपतो आणि सर्व्हे नंबर सुरू होतो. घाबरायचं नाही. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट आले. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला, ते एकत्रीकरणाच्या ९(३), ९(४) च्या उताऱ्यात असतं, आणि ते तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळतं. अजून मागं जा. वाळवा, शिराळा, तासगावचे कुणी बसलेत का? तुमच्या आज्याच्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ दिसेल. तो कागद चुकीचा नाही. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याचं पुढं १९६० मध्ये सांगली नाव झालं. औंध, फलटण, जत, मिरज, सांगली ही संस्थानं, त्यांची दप्तरं आणखी निराळी. आणि त्या काळातला कागद मोडी लिपीत असणार. मोडी वाचणारा जाणकार गाठा, लिप्यंतर करून घ्या. आपल्या तरुणांनी मोडी शिकावी असं मला फार वाटतं. यावर खरं तर वेगळं व्याख्यान व्हावं…

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. मग मूळ विषय झपाट्यानं घेतो, लिहून घ्या.

महाभूलेखवर पुणे विभाग निवडायचा, सातारा आणि सांगली दोन्ही त्यातच. मग तालुका, गाव, गट नंबर. माहीत नसेल तर नावावरून शोधता येतं. हा उतारा फुकट, पण फक्त बघण्यापुरता, तसं त्यावर लिहिलेलंच असतं. बँकेत, कोर्टात चालणारा पाहिजे तर डिजिटल सातबारा पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरीचा घ्या, पंधरा रुपये. त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही, क्यूआर कोड असतो, समोरचा माणूस जागेवर पडताळू शकतो. शिक्का आणा म्हणून कुणी परत पाठवलं तर हेच सांगायचं. पैसे भरले की लगेच उतरवून ठेवा. आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा, त्याच ठिकाणी मिळतो, पण तो एका गावापुरता असतो. दोन गावांत जमीन असेल तर दोन आठ-अ काढा. ई-फेरफार, म्हणजे संगणकावर नोंद घ्यायची पद्धत, आल्यानंतरचे फेरफारही तिथंच मिळतात. त्याआधीचे हस्तलिखित असतात. ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून ठेवलेत, तिथं आधी पाहा. नसतील तर तहसील. साधा अर्ज, कोर्ट फी तिकीट, गाव, गट, फेरफार क्रमांक, आणि ‘प्रमाणित नक्कल’ हे शब्द स्पष्ट लिहा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, पूर्वी पुराव्याच्या कायद्यात कलम ७६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ७५ आहे.

जमीन घेणार असाल तर नोंदणी विभागाचा ई-सर्च करा. वर्ष आणि गट टाकला की त्या गटाचे नोंदलेले दस्त दिसतात, सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, मिळते. खरेदी झालीय पण फेरफार अजून धरलेला नाही, असं सातबाऱ्यावर दिसत नाही, इथं सापडतं. शहरातल्या घराला सातबारा नाही, मिळकत पत्रिका लागते, सिटी सर्व्हेची. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावठाणांना मिळकत पत्रिका मिळतायत, आपल्या गावाची झाली का ते विचारा.

आणि ‘आपली चावडी’ हे संकेतस्थळ. कुठल्या गटावर नवीन फेरफार धरलाय, त्याची नोटीस तिथं दिसते. हरकतीला पंधरा दिवस असतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला असलेल्यांनी हे महिन्यातून दोनदा बघितलंच पाहिजे, कारण चावडीच्या भिंतीवरची नोटीस तुम्हाला दिसणार नाही. ए.कु.मॅ. अजून असेल, किंवा अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक, असा शेरा राहिला असेल आणि तो अज्ञान मुलगा आता साठीचा झाला असेल, कर्ज फिटूनही सोसायटीचा बोजा उतरला नसेल, तर ई-हक्क या संकेतस्थळावर घरून अर्ज करता येतो. बोजासाठी सोसायटीचा कर्ज फिटल्याचा दाखला जोडा.

‘साहेब, भांडण नसताना कशाला काढायचं सगळं?’ असं मघाशी दारात एकानं विचारलं. भांडण नसतानाच काढायचं. घरात सगळे एका पंगतीला बसतात तेव्हा जुना फेरफार मोठ्यानं वाचता येतो, थोरली आजी हयात असते, तिला सगळं आठवत असतं. नोटीस आल्यावर तोच कागद वकिलाच्या फाइलमध्ये जातो.

वेळ संपली. ज्यांनी उतारे बरोबर आणलेत त्यांनी नावाशेजारच्या कंसातल्या आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारून इकडं टेबलापाशी यावं. आधी ज्यांच्या सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. दिसतंय ते, मग बाकीचे.