कुणी विचारलंच नव्हतं

नमस्कार. दुपारची आवराआवर झाली असेल, तर जरा भिंतीला टेकून बसा. आज बोलायचंय पांढरं जाण्याबद्दल, ओटीपोटात दुखण्याबद्दल. हो, रेडिओवर.

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांना तपासलं. दवाखान्यात आलेल्या नव्हेत, गावात नांदणाऱ्या, रोज कामाला जाणाऱ्या बायका. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती? १०० पैकी ८. पुन्हा सांगते. आजार ९२ जणींना, तपासणी ८ जणींची.

सरकारी आरोग्यसेवेला तेव्हा बाई दिसायची ती बाळंतपणाला आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला. मधल्या वर्षांत तिला कुणी विचारत नव्हतं.

माझ्या आत्याचं सांगते. आत्या कायम गडद लुगडी नेसायची. चॉकलेटी, काळपट जांभळी. आम्ही भाचरं म्हणायचो, आत्याला असलेच रंग आवडतात. लग्नाकार्यात पंगतीला बसायची नाही, वाढायला उभी. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा नर्सबाई घरी आल्या. लेकीचं वजन घेतलं, रक्तदाब बघितला, कार्ड भरलं. निघताना चपला घालता घालता आत्याकडे वळून म्हणाल्या, “आणि काकू, तुम्हाला काही त्रास? कंबर दुखते का, पांढरं जातं का?”

आत्या चुलीतली राख ओढत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, “बावीस वर्षं झाली.”

नर्सबाईंनी चपला काढल्या आणि परत आत येऊन बसल्या.

बावीस वर्षं! मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. नवऱ्याला नाही, जावेला नाही, सख्ख्या बहिणीलाही तिनं सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. आतोबांनाही बोलावून गोळ्या दिल्या, नाहीतर त्रास उलटतो. आणि नातवाच्या बारशाला आत्या लिंबाच्या रंगाची साडी नेसून पंगतीत बसली, सगळ्यांच्या मधोमध. वाढायला आम्ही.

जाता जाता एक. तपासणीच्या खोलीला जाड पडदा हवा. दवाखान्याला रंग नंतर द्या, फरशा नंतर बसवा, आधी पडदा लावा. आणि ‘गुप्तरोग’ हा शब्द पाट्यांवरून उतरवा. दुखण्याला गुप्त म्हटलं की बाई ते लपवणारच.

आत्याचं गोळ्यांवर भागलं. बीडकडच्या ऊसतोड बायकांचं बघा. पाळीत फडावर गेली नाही तर खाडा, खाड्याचे पैसे कापणार. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, न्हाणी नाही, संडास नाही. २०१९ साली सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऐन तिशीतल्या बायका त्यात होत्या. साधी तपासणी गावात मिळत नाही, पण पिशवी काढायचं ऑपरेशन उचलीच्या, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशातून, कर्ज काढून होऊन जातं. विषमता म्हणतात ती हीच, आणि मला तिचा फार राग येतो.

थोडं पांढरं जाणं नेहमीचंच असतं. पण वास येत असेल, खाज असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर तपासून घ्या. पिशवी काढा असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पुन्हा सांगते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आशाताई दारात आल्या की त्यांना सांगा. आणि आशाताईंनो, नर्सबाईंनो, तुम्ही ऐकत असाल तर पोरीचं कार्ड भरून झालं की तिच्या आईलाही विचारा. चपला घालायच्या आधी विचारा.