काच पुन्हा अर्ध्यावर अडकली?

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी एसयूव्ही घेतली, इंजिन ठणठणीत, पण ड्रायव्हरच्या दाराची काच अर्ध्यावर येऊन थांबते. मोटर बदलली, काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग सगळे नव्या पार्टला नावं ठेवतात. पार्ट कधीकधी हलका असतोही, पण माझा पहिला संशय मोटरवर नसतो.

काच दाराच्या चौकटीतल्या रबरी खाचेतून वरखाली सरकते. वर्षानुवर्षं ऊन आणि धूळ खाऊन हे रबर कडक होतं, काच घट्ट जाते. मोटरला जोर लावावा लागतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. बऱ्याच मोटरींत तापल्यावर करंट तोडणारी सोय असते. म्हणूनच थांबलेली काच थोड्या वेळाने आपोआप चालू लागते, आणि आपल्याला वाटतं, झालं बरं! नवी मोटर बसवली तरी तिला त्याच रबराशी झुंजायचं असतं. तेव्हा आधी खाच ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्यावर धूळ बसते आणि रबरही खराब होतं.

मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तेव्हा गोष्ट वेगळी. काच वरखाली नेणाऱ्या यंत्रणेला रेग्युलेटर म्हणतात. केबलवर चालणाऱ्या रेग्युलेटरची केबल किंवा प्लास्टिकची क्लिप तुटलेली असू शकते.

आता वायरिंग. दार आणि ते ज्याला जोडलेलं असतं तो गाडीचा खांब यांच्या मधल्या रबरी नळीतून तारा जातात. दाराच्या उघडझापीने त्या वाकून वाकून आतून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. बटण दाबून ठेवा आणि दार हळूहळू उघडा. मध्येच काच चालली, तर दोष बहुधा तिथेच. व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावणार असाल, तर मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून मोजा. मोटर काढून मोजलं तर एका धाग्यावर टिकलेली तारही पुरे बारा व्होल्ट दाखवते. या आकड्याने भलेभले फसतात.

मागची काच चालत नसेल, तर ड्रायव्हरकडचं काचा लॉक करायचं बटण आधी बघा. हसू नका! शिवाय अनेक जुन्या गाड्यांत मागच्या काचांचा करंट ड्रायव्हरच्या स्विचमधून फिरतो, म्हणजे बिघाड पुढे आणि त्रास मागे.

दाराचं आतलं पॅड काढून काम करायचं झालं, तर काच वरच्या बाजूला चिकटपट्टीने पक्की करा. कात्रीसारख्या पट्ट्यांच्या काही रेग्युलेटरना ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सोडवताच पट्ट्या झटक्यात फिरतात आणि बोटं चेचतात. असा रेग्युलेटर दिसला, तर काम जाणकाराकडेच द्या. आतला प्लास्टिकचा पडदा फाडून टाकू देऊ नका, तो पावसाचं पाणी आतल्या पॅडपर्यंत येऊ देत नाही. दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकंही मोकळी करून घ्या.

आणि बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर एका स्पर्शात वर जाणारी काच तसं करेनाशी झाली, तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

नमस्कार.