हेलसिंकीचं पहिलं कलम

श्रोतेहो, नमस्कार.

फिनलंडची लोकसंख्या जेमतेम 56 लाख, आणि रशियाशी सीमा मात्र सुमारे 1340 किलोमीटर. 1939 मध्ये सोव्हिएत फौजा याच बाजूने चालून आल्या होत्या. त्यामुळे युरोपच्या सुरक्षेबद्दल तिथलं सरकार बोलतं तेव्हा ते पोळलेल्या माणसाचं बोलणं असतं.

1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष उर्हो केकोनेन यांच्या फिनलंडने सगळ्यांना निरोप धाडला: युरोपच्या सुरक्षेवर परिषद भरवा, यजमान आम्ही होऊ. यात नुसता उदात्तपणा नव्हता बरं का. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या दोन लष्करी गटांच्या मधोमध बसलेल्या देशाला ते एकमेकांशी बोलत राहणं सोयीचंच होतं. घासाघीस वर्षानुवर्षं चालली. अखेर 1 ऑगस्ट 1975 रोजी, हेलसिंकीच्या फिनलँडिया सभागृहात 35 राष्ट्रांनी हेलसिंकी करारावर, म्हणजे देशांनी एकमेकांशी कसं वागावं याच्या तत्त्वांवर, सह्या केल्या.

सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना महायुद्धानंतरच्या सीमांवर शिक्कामोर्तब हवं होतं. ते बऱ्याच अंशी मिळालं, पण त्यासोबत मानवी हक्कांची कलमंही गळ्यात पडली. पुढे त्याच कलमांवर बोट ठेवून मॉस्को आणि प्रागमधले नागरिक आपापल्या सरकारांना जाब विचारू लागले. मला मात्र पहिल्या तत्त्वातला एक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. लष्करी युतीत जायचं की नाही, हे ज्या त्या देशाने ठरवायचं! त्याखाली ब्रेझनेव्ह यांची सही आहे. युक्रेनवर रशियाची चढाई झाल्यावर फिनलंडने तोच हक्क वापरला आणि 4 एप्रिल 2023 रोजी तो नाटोत दाखल झाला.

मग हेलसिंकीतून उभ्या राहिलेल्या युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेची गरज उरली का? तिथे 57 सदस्यांपैकी एकाने जरी नकार दिला, तरी निर्णय अडतो. युक्रेनमधलं निरीक्षक पथक 2022 मध्ये रशियाच्या नकारामुळेच गुंडाळावं लागलं. तरीही 2025 मध्ये फिनलंडने या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. सरकारची भूमिका सरळ होती: संरक्षणाला नाटो आहे, पण कोणी काय मोडलं हे दाखवायला हेलसिंकीची तत्त्वं लागतात, आणि त्यांच्यावर नव्याने सौदा करायचा नाही. हे मला पटतं. एकमताच्या नियमाचं काय करायचं, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडेही नव्हतं.

2026 साठी ही जबाबदारी स्वित्झर्लंडकडे गेली. रशिया अजूनही सदस्य आहे.