दार उघडणारा उंदीर

[दृश्य: पारदर्शक अरुंद नळी. आत एक उंदीर. बाहेर दुसरा.]

आतला उंदीर अडकलाय. बाहेरचा मोकळा आहे, पण त्यालाही चैन नाही. तो नळीभोवती घिरट्या घालतो, फटीत नाक खुपसतो, कडा कुरतडतो. दार उघडतं ते फक्त बाहेरून, आणि कसं, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. असे काही दिवस जातात. मग एकदा डोक्याची ढुसणी नेमकी बसते आणि दार पडतं. पुढे पुढे तो वेळ घालवत नाही, सरळ जाऊन दार पाडतो.

शिकागो विद्यापीठात इनबाल बेन-अमी बार्टल, जाँ देसेती आणि पेगी मेसन यांनी केलेला हा प्रयोग २०११ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. उंदीर कनवाळू असतो, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण खरा प्रश्न वेगळा होता. सोबत्याची तगमग बघून याच्याही जिवाची घालमेल होते, म्हणून तो धावतो का? आणि तसं असेल, तर चिंता शमवणारी औषधं मदतीची ओढही कमी करतात का?

घालमेल कमी करून पाहिल्याशिवाय हे कळणार कसं? म्हणून याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह पुढचा प्रयोग केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांना मिडाझोलाम दिलं. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांच्याच, म्हणजे बेन्झोडायझेपिन कुळातलं हे औषध. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत करतं. ही औषधं त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे चिंता ओसरते.

[दृश्य: तीच नळी. बाहेरचा उंदीर एका बाजूला बसलेला.]

मिडाझोलाम दिलेल्या उंदरांनी सोबत्यासाठी दार उघडण्याचं प्रमाण घटलं. गुंगी आली असेल, असं वाटेल. पण नळीत सोबत्याऐवजी चॉकलेट ठेवलं, तेव्हा त्याच औषधाखालच्या उंदरांनी दार उघडलं. अंगात जोर होता, अक्कलही शाबूत होती. नडॉलॉल हे मेंदूत फारसं न पोचणारं, हृदयाची धडधड कमी करणारं औषध देऊनही पाहिलं. त्याने मदतीत काही फरक पडला नाही. म्हणजे धडधड थांबल्यामुळे मदत आटली, असंही म्हणता येईना.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण २०१६च्या याच शोधनिबंधात आणखी एक मोजमाप आहे, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. अडकलेला सोबती पाहून ज्या उंदरांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक सर्वाधिक वाढलं, त्यांनी सर्वांत कमी मदत केली. ज्यांच्यात ते कमीत कमी वाढलं, ते सर्वांत नेमाने आणि लवकर दार उघडत होते. दोन्ही निकाल एकत्र पाहिले, तर काळीज अजिबात हललं नाही तर पाय उचलत नाही. फारच हललं तर पाय लटपटतात.

मग माणसांचं काय? इथे चित्र बरंच विस्कळीत आहे. १९९९ मध्ये ब्लेअर आणि करन या संशोधकांना दिसलं, की डायझेपाम घेतलेल्यांना चेहऱ्यावरचा राग ओळखणं जड जातं. पण राग न ओळखणं म्हणजे कळवळा नसणं नव्हे. स्टॉकहोममध्ये निरोगी पुरुषांना २५ मिलिग्रॅम ऑक्साझेपाम देऊन, दुसऱ्याच्या वेदनेवर त्यांची प्रतिक्रिया तपासली गेली. २०१७ साली निकाल आला: सहानुभूती घटल्याचं आढळलं नाही. उंदरांच्या बातमीवरून ‘गोळ्या माणसाला दगड करतात’ असं सांगत सुटणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

आज चिंताविकारावर दीर्घकाळ दिली जातात ती बहुधा एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढवणारी औषधं, एसिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे. नैराश्यावरही हीच देतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी नैराश्याच्या रुग्णांना वेदनादायक उपचार चालू असलेल्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. उपचारांआधी रुग्णांचा प्रतिसाद निरोगी लोकांसारखाच होता. तीन महिन्यांच्या औषधांनंतर तो मंदावला, त्यांच्या सांगण्यातही आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही. उलट २०१५ साली मानसशास्त्रज्ञ मॉली क्रॉकेट यांच्या प्रयोगात, सिटालोप्राम या एसएसआरआयचा एकच डोस घेतलेले निरोगी लोक स्वतःला आणि परक्यालाही विजेचा झटका बसू नये म्हणून जास्त पैसे सोडायला तयार झाले. गट बहुतांशी एकच, पण एक डोस कुठे आणि तीन महिने कुठे, निरोगी माणूस कुठे आणि आजारी कुठे!

[दृश्य: दवाखान्यातलं टेबल. औषधांची पट्टी.]

भावना बोथट झाल्याची तक्रार एसएसआरआय घेणारे बरेच जण करतात. रडू यावं तिथे येत नाही, हसूही वरवरचं. काहींना नेमकं याच्या उलट जाणवतं: स्वतःच्या धास्तीतून डोकं वर निघाल्यावर प्रथमच घरच्यांचं बोलणं कानावर पडू लागतं. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगण्याजोग्या आहेत. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मात्र हे आपल्या मनाने करायचं नाही. बरेच दिवस चालू असलेलं बेन्झोडायझेपिन तडकाफडकी थांबवलं, तर चिंता दुपटीने उसळू शकते, झोप उडते, क्वचित फिटही येते. म्हणून ते टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि त्याला कधी आठवडे, तर कधी महिने लागतात.