खांद्याच्या आत: फाटलेलं टेंडन पुन्हा हाडाला कसं बसवतात

[दुर्बिणीतलं दृश्य]

पाण्यात हलणारं हे विसविशीत पांढरं टोक एका टेंडनचं आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्याचं. सुप्रास्पायनेटस. ते खालच्या हाडाला घट्ट चिकटलेलं असायला हवं होतं. सळईचं टोक फिरतंय तिथे आता नुसतं उघडं हाड आहे.

[सांगाड्याचा खांदा]

खांद्यात गोळा मोठा आणि खोबण उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो. पण गोळा जागेवर राखणं हाडांच्या आवाक्यातलं नाही. ते काम खवाट्यावरून निघणारे चार स्नायू करतात. त्यांचे टेंडन दंडाच्या हाडाच्या डोक्याला वेढून बसतात. हाच रोटेटर कफ. फाटण्याची पाळी बहुतेकदा त्यातल्या वरच्या सुप्रास्पायनेटसवर येते.

हातावर आपटलं, सांधा निखळला, तर ते एका क्षणात फाटतं. पण चाळिशी-पन्नाशीनंतर बहुधा हळूहळू झिजून फाटतं. कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. ज्यांना त्रास होतो त्यांना तो रात्री जास्त, त्या कुशीवर वळलं की.

प्रत्येक फाटीला शस्त्रक्रिया लागत नाही. व्यायामावर बरेच जण सावरतात. मात्र पडल्यानंतर अचानक हात उचलेनासा झाला, तर 'लचकलं असेल' म्हणत महिने घालवू नयेत. सुटलेलं टेंडन आत ओढलं जातं, स्नायूत चरबी भरत जाते, आणि ती नंतर फारशी हटत नाही.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली अशा दुरुस्तीची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा खांदा उघडूनच काम करावं लागे. आता छोटी छिद्रं पुरतात.

[शस्त्रक्रिया]

दुर्बीण जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीची. सलाईन सतत आत सोडलेलं. त्याच्या दाबाने जागा फुगते, रक्तस्राव आवरतो. आधी सुजलेली बर्सा, म्हणजे टेंडनवरची घर्षण कमी करणारी पातळ पिशवी, साफ होते. मग चिमट्याने टेंडनचं टोक धरून ओढून पाहतात. बघा, येतंय. फार ताण न देता ते मूळ जागी पोचायला हवं. बळजबरीने आणलेलं टिकत नाही.

आता हाड खरवडलं जातंय. हे लाल ठिपके मुद्दाम आणलेले आहेत, कारण टेंडन रुजायला रक्त लागतं.

हा अँकर, दोरे ओवलेली छोटी खुंटी. हाडात बसला, मागे दोरे लोंबतायत. वाकडी सुई टेंडनच्या काठापासून थोडं आत शिरते, दोरा पलीकडे काढते. पुन्हा एकदा. आणखी एकदा. गाठ बाहेर बांधून नळीतून आत सरकवतात. दोऱ्यांची टोकं टेंडनवरून आडवी नेऊन हाडाच्या बाहेरच्या बाजूला बसवलेल्या दुसऱ्या अँकरमध्ये ताणली की ते हाडावर सपाट दाबलं जातं. उघडं हाड झाकलं गेलं.

टाके टेंडनला फक्त धरून ठेवतात. हाडाशी सांधण्याचं काम शरीराचं, आणि शरीर घाई करत नाही.

[व्यायामाची खोली]

चार ते सहा आठवडे हात झोळीत. बोटं, मनगट, कोपर हलवायचं. खांदा आपल्या जोरावर उचलायचा नाही. पुढे कप्पीच्या दोरीने चांगला हात दुखऱ्याला वर नेतो. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. मोठ्या, जुन्या फाटी पुन्हा उसवू शकतात. जड उचलायची मुभा बहुधा सहा महिन्यांच्या आसपास, फाट केवढी होती ते पाहून.