पूर्व भागातले अणुइतिहासकार

(पहाट. सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली. यंत्रमागांचा खडखडाट.)

सर इतिहासाचे प्राध्यापक. या आवाजातच त्यांचं वाचन झालं. खाली माग, वर माळ्यावर ही पत्र्याची पेटी. पेटीत नोंदवह्या. विषय एकच : भारताचा अणुकार्यक्रम आणि सरकारी गुप्तता.

(चार हुतात्म्यांचे पुतळे.)

सुरुवात मात्र इथून झाली. मे 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. एम.ए.ला असताना सर मुंबईच्या अभिलेखागारात बसून गृहखात्याच्या त्या काळच्या गोपनीय फायली उतरवून घ्यायचे. पुढे त्यांनी 18 मे 1974 च्या पोखरण अणुचाचणीचे कागद मागितले. ते मिळाले नाहीत. परक्या सरकारची फायल वाचायला मिळते आणि आपल्या सरकारची मिळत नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. मग सारी प्राध्यापकी त्याच प्रश्नामागे गेली.

(छापील पानावर सरांचं बोट. अगदी जवळून.)

हे पान नीट बघा. एप्रिल 1948, संविधान सभा. नेहरूंनी अणुऊर्जा विधेयक मांडलंय. सभासद एस. व्ही. कृष्णमूर्ती राव विचारतात : ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणाच्या कामापुरती आहे, मग आपल्याकडे सगळ्याच संशोधनावर पडदा कशाला? नेहरू प्रांजळपणे सांगतात, शांततेचं आणि संरक्षणाचं काम एकमेकांपासून वेगळं कसं काढायचं ते आपल्याला कळत नाही. सर हा उतारा दर वर्षी वर्गात मोठ्याने वाचायचे. पोखरणला अजून 26 वर्षं होती. गुप्ततेचा कायदा मात्र तेव्हाच झाला. 1962 चा नवा कायदा आला, त्याच्या 18 व्या कलमातही पडदा राहिला. 2005 साली माहितीचा अधिकार मिळाला. त्यातले बहुतेक अपवाद 20 वर्षांनी गळून पडतात. देशाच्या सुरक्षेचा आणि वैज्ञानिक हिताचा अपवाद मात्र उरतो. तिकडे अमेरिकेने अणुबॉम्ब घडवणारे शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या 1954 च्या चौकशीचा वृत्तांत 2014 मध्ये एकही ओळ न झाकता खुला केला.

(माहितीच्या अधिकाराखालच्या अर्जांची चळत. पोचपावत्या.)

सरांना आलेली उत्तरं एकेका ओळीची. दोन विद्यार्थ्यांनी कागदांअभावी पीएच.डी. अर्ध्यावर सोडली.

(सर पाकीट चिकटवतात, चपला घालतात.)

हा नवा अर्ज. टपालपेटी चौकात आहे. सर चालतच जातात.