दीक्षाभूमीचा पुस्तकबाजार

[दृश्य : पहाट. ट्रकमधून उतरणारे गठ्ठे]

दसरा उद्यावर आलाय. नागपुरात दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आधी पुस्तकं पोचतात, माणसं मागून. बांबू रोवले जातात, ताडपत्री ताणली जाते, टेबलांवर निळं कापड अंथरलं जातं. मग ब्लेडने सुतळ्या कापायच्या. मांडणीची रीत ठरलेली. जाडजूड ग्रंथ मागे उभे, आत्मचरित्रं मधोमध, आणि अगदी कडेला, चालत्या माणसाच्या हाताला लागतील अशा, बोटभरही जाड नसलेल्या पुस्तिका. धूळ इतकी उडते की विक्रेत्याच्या खांद्यावरचं फडकं खाली ठेवायला सवड नाही.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. स्तूप, रोषणाई, गर्दी दरवर्षी बातम्यांत दिसतेच. आम्ही कॅमेरा या टेबलांवर लावला.

[दृश्य : पुस्तिका चाळणारे हात]

"ते बावीस प्रतिज्ञावालं पाह्यजे भाऊ."

"हे घ्या मावशी. घरी वाचते कोन?"

"नात वाचते. मी आयकतो."

"मंग तिच्यासाठी हेबी न्या."

पिशवीत दुसरं पुस्तक पडलं. कोणाला काय द्यायचं, हे या माणसाला गिऱ्हाइकाचे दोन शब्द ऐकले की कळतं. मोठ्या दुकानांच्या खपाच्या याद्यांपेक्षा आमचा भरवसा याच्यावर जास्त.

[दृश्य : 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या निरनिराळ्या आवृत्त्या]

कॉलेजातला पोरगा दिसला की विक्रेत्याचा हात बाबासाहेबांच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'कडे, म्हणजे जातीच्या निर्मूलनावरच्या पुस्तकाकडे, जातो. मराठीत याचे अनुवाद वेगवेगळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे मुखपृष्ठं पाहून गोंधळायला होतं. आत मजकूर आहे तो एका न झालेल्या भाषणाचा. साल १९३६. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केलं. भाषण आधीच लिहून तयार होतं. मंडळींनी ते वाचलं आणि धास्तावली. काही भाग गाळा, अशी विनंती आली. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढच्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तरही आलं. म्हणजे वाद घालावा कसा, प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण छापून त्याला उत्तर द्यावं कसं, हेही याच पुस्तकात शिकायला मिळतं. जात आपल्या घरात नाहीच, असं म्हणणाऱ्यांनी तर ते आधी वाचावं.

[दृश्य : मधल्या रांगेतून पुस्तक काढणारा विक्रेता]

नागपूरकरांसाठी आमची पहिली शिफारस मात्र वसंत मून यांची 'वस्ती'. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे शासकीय खंड ज्यांनी संपादित केले, तेच हे मून. 'वस्ती'त त्यांचं या शहरातलं बालपण आहे. आखाडे, आंबेडकरी चळवळीतलं स्वयंसेवकांचं समता सैनिक दल, उपाशी दिवस, पोरांचा दंगा. रोजचा रस्ता आहे तोच, पण हे वाचून झाल्यावर त्याच्या कडेला कोण राहत होतं, ते दिसायला लागतं. दलितांचं लिखाण म्हणजे नुसतं रडगाणं, असा समज असलेल्यांना यातली मिश्किली चकवेल.

[दृश्य : शेजारच्या टेबलावर दोन मुली]

शेजारीच कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', १९८१ सालचं. दलित मुलगी संस्कृत शिकते, त्यात एम.ए. होते. घरी-दारी कौतुक, पण नोकरी मिळेना. लग्नानंतर सोमकुंवरची पावडे झाली, म्हणजे दलित नसलेलं आडनाव लागलं, तेव्हा कुठे मिळाली. हे श्रेय आपलं की नव्या आडनावाचं, हे लेखिकेने सरळ लिहून ठेवलंय. दोघींपैकी एकीने उभ्या-उभ्याच चार पानं वाचली. दुसरी तिची ओढणी ओढतेय.

[दृश्य : दुपार, गर्दी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चा गठ्ठा]

बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, त्यांचा हा ग्रंथ आला १९५७ मध्ये. जाड आहे, पण प्रकरणं लहान आणि आकडे घातलेली. रात्री दोन पानं वाचून ठेवून दिलं तरी धागा सुटत नाही. इथून तो नेतात ते बहुधा घरात मोठ्याने वाचायला.

अशा वाचनातून पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली, काहींनी स्वतः लिहायला घेतलं.

[दृश्य : पिशव्या घेऊन निघालेले लोक]

दसऱ्याला येणं जमलं नाही तरी दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकांची दुकानं वर्षभर असतात. 'वस्ती' कुठे दिसली तर सोडू नका. आणि काय घ्यावं सुचेनासं झालं, तर विक्रेत्याला आपण काय करतो तेवढं सांगा. पुढचं तो बघतो.